नाक्यावरचा प्राजक्त आणि काकूंचं सोवळं

देवासला नाक्याजवळ राहणारं पोर शाळेत कॉलरवरून ओळखू यायचं. गावात आत राहणाऱ्यांच्या कॉलरी संध्याकाळपर्यंत मळत, आमच्या प्रार्थना संपायच्या आतच. ए.बी. रोड, म्हणजे आग्रा-मुंबई हमरस्ता, आमच्या दारावरूनच जायचा आणि जकात नाकाही समोरच होता. बागली-हाटपिपल्याचं धान्य असो, कारखान्याचा माल असो, नाहीतर चामड्याच्या कारखान्यात जाणारी वास मारणारी कातडी असो, प्रत्येक ट्रक आमच्यासमोर थांबे, घुरघुरत उभा राही आणि सुटका झाली की काळ्या धुराचा एक भपकारा सोडून निघून जाई. तो भपकारा कुठे जायचा हे कुणी विचारत नसे. आम्हाला विचारायची गरज नव्हती. तो आमच्या पडद्यांवर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर आणि माझ्या नाकात असायचा.

सत्तरच्या दशकात देवासला कारखाने निघाले आणि महाराष्ट्रातून माणसं भराभरा तिकडे गेली. बाबा त्यांतलेच एक. सांगलीकडचं घर आवरून आम्ही तिघं इथे आलो तेव्हा मी दुसरीत होते. बाबा कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात होते, आणि घरीही त्यांचं तेच खातं चालू असे. बिजागरी कुरकुरली की त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा.

आमच्या घरमालकीण म्हणजे काकू. त्यांचं घराणं पवारांच्या राज्यात देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीकडे कारकुनी करणारं, पिढ्यान्‌पिढ्या देवासचं. काका आधीच गेले होते, मुलगा भोपाळला नोकरीला होता, आणि घराचा मागचा अर्धा भाग आम्हाला भाड्याने दिलेला. पहिल्याच महिन्यात काकूंनी आईला मुलगी मानलं. त्यामुळे बाबा आपोआप जावईबापू झाले आणि त्यांना ‘काय जावईबापू, आज पाळी कोणती?’ असं रोज ऐकावं लागलं. मला मात्र त्या कार्टी म्हणत. मी त्यांच्या वाट्याला जातेच तशी, असं आई म्हणायची.

आता एक गोष्ट सरळच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मानलेली मुलगी असली तरी आईने काकूंच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. आमची जात वेगळी. काकू आम्हाला पुरणपोळी द्यायच्या ती उंबऱ्याच्या आतून, आई घ्यायची ती बाहेरून. दोघी तिथेच तासभर गप्पा मारायच्या, एक आत, एक बाहेर. मला त्याचा राग यायचा आणि तो आजही गेलेला नाही. सोवळं या शब्दाच्या आडून माणसं माणसांना किती लांब ठेवतात ते पुढे आयुष्यात पुष्कळ पाहिलं. पण काकूंवर मात्र जीव होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, त्याला मी काय करू!

काकूंचं सोवळं कशासाठी, तर रामाच्या नैवेद्यासाठी. मागच्या गल्लीत रामाचं एक लहानसं देऊळ होतं. तिथला दुपारचा नैवेद्य त्यांच्या घरातून जाई, तोही राज्य होतं तेव्हापासून. घराण्यातली बाईच तो रांधणार आणि तीच नेणार. फक्त दिवाळीतला भाऊबीजेचा आणि त्यानंतरचा दिवस धाकट्या जाऊबाईंकडे असे, कारण काकूंना माहेरी जायचं असे. जाऊबाई पलीकडच्या आळीत राहत आणि नैवेद्य कायमचा आपल्याकडे यावा म्हणून टपूनच बसलेल्या असत. रीत अशी होती की नेमाच्या दिवशी नैवेद्य एकदा चुकला, की पाळी गेली. ती परत येत नाही. नवरा गेल्यावर काकूंना रोज सकाळी उठायला कारण होतं ते एवढंच. हे त्या कुणाला सांगत नसत, पण दुपारी नैवेद्य पोचवून परत येताना त्यांची चाल बघितली की कळायचं.

नैवेद्य रांधायचा तो धूतवस्त्र नेसून. आदल्या दिवशी सुती लुगडं धुवायचं, काठीने उंच दांडीवर वाळत घालायचं आणि दुसऱ्या दिवशी न्हाऊन, कुणाचाही स्पर्श न होता, ते उतरवून नेसायचं. लोकरीची धाबळी नेसली तर चालणार नाही का, असं आईने सुचवून पाहिलं होतं. पण या घराची रीत धूतवस्त्राची. आणि दांडी होती घरापुढे, रस्त्याच्या अंगाला, कारण मागे आम्ही होतो, विहीर होती, आमची ये-जा होती. म्हणजे रामाचं वस्त्र आमच्या स्पर्शापासून वाचवलं होतं आणि ट्रकच्या हवाली केलं होतं.

सकाळी काकू काठीने लुगडं उतरवायच्या तर त्यावर काजळीचे ठिपके. तीळ सांडावेत तसे.

‘अगो, बघ हे,’ त्या मागच्या दाराशी येऊन आईला म्हणायच्या. ‘त्या ट्रकात काय भरलं होतं, कुणाचं कातडं होतं, काय पता! आणि त्याचा धुवां रामाच्या वस्त्रावर.’

‘मग काय करणार काकू?’

‘करायचं काय? पुन्हा धुवायचं.’

पुन्हा धुतलं की वाळायला वेळ नाही. दुपारच्या आत नैवेद्य पोचला पाहिजे. म्हणून काकू ते ओलंच नेसत. माळव्यातली थंडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना मी कसं सांगू? पौषात सकाळी विहिरीच्या पाण्यातून वाफ निघायची आणि काकू ओलेत्याने चुलीपाशी बसलेल्या असायच्या, दात वाजत असताना वरणाला फोडणी देत. मग संध्याकाळपासून खोकला. भिंतीपलीकडून तो खोकला आमच्या जेवणात यायचा, माझ्या अभ्यासात यायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, ओलं वस्त्र बंद, छाती कमजोर झाली आहे. काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं नेसलं.

आई संतापायची. बाबांचा तर देवावरच फारसा विश्वास नव्हता. एकदा आई त्यांना म्हणाली, ‘तुम्हाला सोवळं पटत नाही ना, मग तुम्ही का एवढा विचार करताय?’

‘सोवळं पटत नाही,’ बाबा म्हणाले, ‘पण खोकला ऐकू येतो ना.’

आणि त्यांनी मेंटेनन्स खात्याच्या पद्धतीने विचार करून नीलगिरी लावली. त्या काळात नीलगिरीचं वेडच होतं. रोपवाटिकेत रोपं मागावी तितकी मिळायची आणि वाढायचीही झपाझप. रस्ता आणि दांडी यांच्यामध्ये बाबांनी एक रांगच उभी केली. दोन वर्षांत झाडं घराच्या वर गेली. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती दाखवत. फक्त लुगड्यावरचे ठिपके काही कमी झाले नाहीत. खाली नुसते बुंधे, वर कुठेतरी खाली मान घालून लोंबणारी गुळगुळीत पानं, आणि धूर मधल्या मोकळ्या जागेतून आरामात आत. काकूंनी बाबांना वाईट वाटू नये म्हणून वर्षभर काही म्हटलं नाही. मग एकदा एवढंच म्हणाल्या, ‘जावईबापू, झाडं छान उंच आहेत हो. वरून जाणाऱ्या विमानाचा धुवां नक्की अडेल.’

बाबा त्या दिवशी दोन पोळ्या कमी जेवले.

पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला काकू मला सोबत म्हणून धारला घेऊन गेल्या. माहेर त्यांचं धारचं. इंदूरला बस बदलून, उलट्या होऊ नयेत म्हणून लिंबू हुंगत आम्ही पोचलो. काकूंच्या भावाचं घरही वाहत्या रस्त्यावरच होतं, दारावरून अहमदाबादेकडचे ट्रक जात. अंगणाच्या कडेला, अगदी रस्त्याला लागून, एक जुना पसरट प्राजक्त होता. फांद्या पार खाली आलेल्या.

पहाटे मी फुलं वेचायला गेले. झाडाखाली शेंदरी-पांढरा सडा पडला होता, पण मला खाली पडलेली पुरेनात, म्हणून फांद्यांत शिरून झाड गदागदा हलवलं. ओंजळ भरून घरात आले तर काकू किंचाळल्याच.

‘कार्टे! कोळशाच्या गाडीत झोपली होतीस का?’

दिवाळीचा नवा पिवळा फ्रॉक छातीपासून गुडघ्यांपर्यंत काळा झाला होता. हात काळे, नाक काळं. माझा काही दोष नव्हता, मी फक्त पानांना घासले होते. मी तसं सांगायला तोंड उघडलं, पण काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून अंगणात गेली होती. प्राजक्ताच्या मागे त्यांच्या भावाचं पूजेचं धोतर वाळत होतं. रात्रभर बाहेर, रस्त्यापासून दहा पावलांवर, आणि नुकतं धुतल्यासारखं पांढरं.

‘वहिनी,’ काकूंनी विचारलं, ‘हे धोतर रोज इथेच घालता?’

‘इथेच की. कुठे घालणार दुसरीकडे?’

‘आणि मळत नाही?’

‘मळायला काय झालं!’ वहिनी म्हणाल्या आणि फराळाच्या ताटांकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीने त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

काकू अंगणात गेल्या. एक पान तोडलं, अंगठ्याने पुसलं. अंगठा काळा. दुसरं पुसलं. मग माझा फ्रॉक हातात धरून बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं आता धपाटा बसणार. पण त्यांनी झाडाखाली आपसूक उगवलेली रोपं मातीसकट उकरली, डालड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि परतीच्या बसमध्ये तो डबा मांडीवर घेऊन बसल्या. इंदूरच्या स्टँडवर एकाने त्यावर पिशवी ठेवली तर त्याला अशी काही माळवीत सुनावली की तो पुढे उज्जैनपर्यंत उभाच गेला असेल.

घरी आल्यावर पान बाबांच्या पुढ्यात आलं. बाबांकडे यंत्राचे बारीक भाग तपासायचं भिंग होतं. त्यातून त्यांनी आधी नीलगिरीचं पान पाहिलं, मग प्राजक्ताचं, मग पुन्हा नीलगिरीचं. मलाही दाखवलं. नीलगिरीचं पान म्हणजे गुळगुळीत मैदान. प्राजक्ताच्या पानावर मात्र ताठ पांढऱ्या केसांचं रान उभं होतं आणि त्या रानात काजळीचे कण अडकून पडले होते. म्हणूनच तर ते पान हाताला खरखरीत लागतं, आमच्याकडे सुतार त्याने लाकूड घासत.

‘अरे, हे तर फिल्टर आहे!’ बाबा ओरडले. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या तोंडाला फिल्टर असतो, तो धूळ धरतो आणि स्वच्छ हवा आत सोडतो, हे मला त्या दिवशी तीनदा समजावण्यात आलं. नीलगिरीचं अपयश ते क्षणात विसरले. माणूस असाच असावा.

रोपं लागली, रस्ता आणि दांडी यांच्यामध्ये, नीलगिरीच्या बुंध्यांच्या मधूनमधून, भोवती विटांची कुंपणं करून. शेळ्यांनी एकदा तोंड लावून पाहिलं आणि जिभेला बरं वाटलं नसावं, परत आल्या नाहीत. पण झाड काही बाबांच्या घाईने वाढत नाही. ते चार हिवाळे काकूंनी ओल्या वस्त्रातच काढले आणि प्रत्येक हिवाळ्यात खोकला आधीपेक्षा खोल गेला. मग एका वर्षी पावसाळा संपला आणि आमच्या लक्षात आलं की ओट्यावर बसलं की नाका दिसत नाही. त्या कार्तिकात लुगड्यावर ठिपके शोधावे लागायला लागले. पौषात काकू कोरडं वस्त्र नेसून चुलीपाशी बसल्या. आईने ते खिडकीतून पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. मी विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यांत.

उन्हाळ्यात प्राजक्त पानं टाकतो, तेव्हा अडसर जायचा. पण उन्हाळ्यात लुगडं वाळायला वेळच लागत नाही, सकाळी धुतलेलं न्हाऊन होईपर्यंत कडकडीत. झाडाने काकूंचं वेळापत्रक पाहूनच पानं धरली-टाकली असावीत, असं आम्हाला वाटायचं.

आता बाबांना पुढची काळजी लागली. फिल्टर धुवावा लागतो. पाऊस होता तोवर पानं आपोआप धुतली जात. पाऊस संपला की महिनाभरात ती इतकी काळी होत की हिरवा रंग शोधावा लागे. भरलेला फिल्टर काही धरत नाही, आणि वर झाडाचाही जीव घुसमटत असणार, पानालाही श्वास घ्यायचा असतो, असं बाबांचं म्हणणं. म्हणून दर रविवारी, कारखान्याला सुट्टी असताना, आमच्या घरी झाड धुण्याचा कार्यक्रम सुरू झाला. देवासला पाण्याची कायमची बोंब. त्यामुळे कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी आई बादल्यांत राखून ठेवी. बाबा पिकावर औषध मारायचा पितळी पंप घेऊन स्टुलावर चढत. मी खालच्या फांद्यांना तांब्याने पाणी मारत असे. पानांवरून खाली पडणारं पाणी शाईसारखं असायचं.

नाक्यावर रांगेत उभ्या ट्रकवाल्यांची चांगलीच करमणूक व्हायची.

‘क्यों भिया, पेड़ को नेहला रिये हो?’

‘तुम्हारा ही मैल है भिया,’ बाबा स्टुलावरून सांगत, ‘आके हाथ लगाओ!’

एकदा एक दाढीवाला ड्रायव्हर खरंच उतरून आला. अर्धी बादली पाणी त्याने झाडावर नीट मारलं, हात जोडले आणि परत जाऊन गाडी चालू केली. तिने नेहमीसारखा भपकारा सोडला. आम्ही सगळे हसलो, तोही खिडकीतून हसला.

मी मोठी झाले तसे महिन्यातले काही दिवस काकू मला झाडाला हात लावू देईनात. ‘ती फुलं रामाला जातात,’ म्हणायच्या. मग मी लांबूनच पाणी फेकत असे, आणि ते बरोबर त्यांच्या ओट्यापर्यंत जाईल इतक्या जोरात. ओटा पुसताना त्या मला शिव्या देत आणि मी त्या आनंदाने ऐकून घेई.

पण या फुलांवरून माझ्या डोक्यात एक प्रश्न होता आणि मी तो सोडणाऱ्यातली नव्हते. ज्या धुराने लुगडं बाटतं तोच धूर हे झाड अंगभर घेतं. मग त्याची फुलं रामाला कशी चालतात? एका सकाळी फुलं वेचताना मी विचारलंच. मला वाटलं, आता काकू अडकल्या.

काकूंनी परडीतलं एक फूल उचलून माझ्यासमोर धरलं. शुभ्र पाकळ्या, शेंदरी देठ, एक ठिपका नाही.

‘हे रात्री उमलतं, पहाटे पडतं,’ त्या म्हणाल्या. ‘मळायला त्याला वेळच कुठे आहे?’

‘आणि झाड?’

‘झाड बाटत नाही गं. ते दुसऱ्याचं घेतं. घेणारा कसा बाटेल?’

ते फूल परडीत परत ठेवायचं तसंच त्यांच्या हातात राहिलं. आपण काय बोललो ते त्यांनी स्वतःच पहिल्यांदा ऐकलं असावं. पण लगेच म्हणाल्या, ‘जल्दी वेच, पाय पडतील कुणाचे.’

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला काकूंनी फर्मान काढलं की आपण सगळे पहाटे उटणं लावून न्हाणार आणि वर्षभर जो नाक्याचं काजळ अंगावर घेतो तो तसाच राहणार, हे काही बरोबर नाही. म्हणून प्राजक्तांना अभ्यंगस्नान. आईने उटणं कालवलं, बाबांनी बंबात पाणी कोमट केलं, काकूंनी प्रत्येक बुंध्याला बोटभर उटणं लावलं आणि मी वरून तांब्याने पाणी घातलं. शेवटी ओवाळणं झालं. नाक्यावरून कुणीतरी ओरडलं, ‘माताराम, पेड़ की शादी है क्या?’

‘शादी नहीं, दिवाली है,’ काकूंनी उत्तर दिलं. ‘तुम भी नहा लो भिया!’

माझ्या आठवणीतली सर्वांत आनंदाची दिवाळी ती. फटाके कोणते होते ते आठवत नाही, ओल्या पानांचा वास आठवतो.

पण छाती एकदा कमजोर झाली की झाड तरी काय करणार. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मी अकरावीत असताना, मार्गशीर्षात काकूंना ताप भरला. थंडीपायी त्यांचं अंथरूण चुलीच्या उबेला, स्वयंपाकघरातच घातलेलं होतं. डॉक्टर येऊन गेले, औषधं देऊन गेले, अंथरुणातून उठायचं नाही असं सांगून गेले. मुलाला भोपाळला निरोप गेला, पण तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत येणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू भिंतीला धरून उठल्या, उंबऱ्यापर्यंत आल्या आणि खाली बसल्या. आईने उंबऱ्याबाहेरूनच हात देऊन त्यांना उभं केलं आणि त्या भिंतीच्या आधाराने परत अंथरुणावर गेल्या. कपड्याला कपडा लागला. काकूंनी हात मागे घेतला नाही.

बातमी पलीकडच्या आळीत पोचायला वेळ लागला नाही. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात धाकट्या जाऊबाई दारात. नैवेद्याचं चांदीचं ताट आणि वाटी न्यायला आल्या होत्या.

‘ताई, तुम्ही आता आराम करा हो,’ त्या म्हणाल्या. ‘आजपासून आमच्याकडून जाईल. काळजीच नको.’

‘आजपासून’ म्हणाल्या, ‘आज’ नव्हे; म्हणजे पाळी कायमची गेली. काकूंनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून कानाकडे गेलं. मला ते पाहवलं नाही, मी ओट्यावर निघून गेले. प्राजक्त समोर उभे होते, रविवारचे धुतलेले, आणि त्यांच्यामागे आदल्या दिवशीच आजारपणातही काकूंनी स्वतः काठीने टाकलेलं लुगडं दांडीवर वाळून हलत होतं.

आतून काकूंची हाक आली. मला नव्हे, आईला.

‘मुली, न्हाऊन ये. विहिरीवर. आणि दांडीवरचं वस्त्र काठीने उतरव.’

मी आत धावले. आई उंबऱ्याबाहेर, नेहमीच्या जागी, उभी होती.

‘मी?’ आई म्हणाली. ‘काकू, मी कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.’ आवाज वर गेला नव्हता. पण इतक्या वर्षांच्या पुरणपोळ्या त्या वाक्यात होत्या. ‘तुमच्या उंबऱ्याच्या आत मी आजवर पाय टाकलेला नाही.’

‘मी टाकू दिला नाही म्हणून,’ काकू म्हणाल्या. बोलताना त्यांना दम लागत होता. ‘चूक माझी. त्या झाडाला ट्रकाचा धुवां लागतो आणि त्याचं फूल रामाला चालतं. माझ्या वस्त्रावर ठिपका पडू नये म्हणून तू इतकी वर्षं पाणी राखून ठेवलंस. तू का चालणार नाहीस?’

‘ताई!’ जाऊबाई म्हणाल्या. ‘लोक काय म्हणतील? घराण्यातल्या बाईने रांधायचं असतं.’

‘माझी मुलगी आहे ती,’ काकू म्हणाल्या. ‘सगळ्या देवासला माहीत आहे. जावईबापूंना विचारा.’

बाबा दाराआड उभे होते. त्यांनी पुढे येऊन होकारार्थी मान हलवली.

आई विहिरीवर न्हाऊन आली. तिने काठी घेतली. सवय नसल्यामुळे लुगडं दोनदा घसरलं, एकदा जवळजवळ जमिनीला टेकलं, जाऊबाईंनी श्वास रोखला. शेवटी ते उतरलं. कोरडं, उन्हाचा वास येणारं. आईने ते हातांवर पसरून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पदराच्या टोकाला काजळीचा एक ठिपका होता. मार्गशीर्ष सरत आला होता, जुनी पानं एकेक करून गळायला लागली होती, कुठूनतरी एक कण सुटून आला असेल.

‘बघा,’ जाऊबाई म्हणाल्या.

आई लुगडं घेऊन काकूंच्या अंथरुणापाशी आली. उंबरा ओलांडला गेला, पण ते तिच्या लक्षातही आलं नसावं. ‘काकू, पदरावर ठिपका आहे. पुन्हा धुऊ? मी ओलंच नेसते, मला काही होत नाही.’

काकूंनी हात पुढे केला. पदराचं टोक बोटांत धरलं, डोळ्यांजवळ नेलं, त्या ठिपक्याकडे पाहिलं. असल्या ठिपक्यांपायी त्यांनी किती हिवाळे ओले काढले होते! मग पदर सोडला.

‘झटक गं मुली, आणि नेस,’ त्या म्हणाल्या. ‘रामाला भूक लागली असेल.’